तिसऱ्या भोकावरचा पट्टा

पोपियाचं पीठ हातात धरलं की ते हलतं ठेवावं लागतं. ते इतकं सैल असतं, की हात क्षणभर थांबला तरी बोटांतून ओघळून खाली येतं. म्हणून मनगट सारखं वरखाली चालू ठेवायचं, मध्येच गोळा तापल्या तव्यावर टेकवून गोल फिरवायचा आणि झटक्यात उचलायचा. तव्यावर मागे उरतो तो पापुद्रा. कडा सुटल्या की डाव्या हाताच्या बोटांनी तो सोलायचा आणि ओल्या फडक्याखाली ठेवायचा. गिऱ्हाईक घरी नेऊन त्यात शिजवलेलं सारण भरून गुंडाळतं. जॉर्जटाऊनच्या चौरस्ता बाजारामागच्या गल्लीत, जायफळाचं लोणचं विकणाऱ्याच्या शेजारच्या पडवीत, मी हे काम सत्तावीस वर्षं करते आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. देवळात जाते ती चार लोक जातात म्हणून. हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

तवा माझ्या सासूचा. तिला आम्ही आबू म्हणायचो, म्हणजे आईच. नवरा लवकर गेला, मुलगी लहान होती, तेव्हा आबूने मला तव्यापुढे बसवलं आणि त्यानंतर ती मरेपर्यंत एकदाही मला बरं म्हणाली नाही. रोज सकाळी माझा पहिला पापुद्रा ती वर्तमानपत्रावर पसरायची आणि डोळे बारीक करून बघायची. खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत, असा तिचा नियम. "पोह इम, हा पापुद्रा आहे की पायपुसणं?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की त्याशिवाय सकाळ झाल्यासारखं वाटत नसे.

शेवटच्या आजारपणात तिने मला आणि माझ्या नणंदेला, ग्योक हुआला, दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. जोवर पोह इमचा हात चालतोय तोवर तवा तिच्याकडे. हात थकला की तवा ग्योक हुआकडे. त्यात मला वावगं काही वाटलं नाही. पण ग्योक हुआच्या मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं आणि ती सुनेला घरी पापुद्रे शिकवायला लागली आहे, हे कानावर आल्यापासून मी जरा डोळे उघडे ठेवून होते. तव्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. छप्पन्नाव्या वर्षी मला कोण कुठे कामाला घेणार आहे?

घड्याळ मुलीने पाठवलं. गेल्या वर्षी मी तव्यासमोर चक्कर येऊन पडले, तेव्हा शिन रू क्वालालंपूरहून धावत आली आणि जाताना माझ्याकडून वचन घेऊन गेली. पुढच्याच आठवड्यात हे काळं, चौकोनी घड्याळ आलं. माझ्या छातीचे ठोके तिला तिथे तिच्या फोनवर दिसतात. चार्ज करण्यापुरतं सोडून ते काढायचं नाही. डावा हात तव्याजवळ असतो, घड्याळ तापायचं, म्हणून मी ते उजव्या मनगटावर घालायला लागले. पापुद्रे म्हणजे काय हे त्या यंत्राला कुठलं कळायला? हाताची ती चाल बघून त्याला वाटलं, बाई होडी वल्हवतेय. रोज दुपारी ते मला शाबासकी द्यायचं, आज इतकी वल्ही मारली म्हणून. शिन रू फोनवर खिदळायची. "मा, या आठवड्यात तू सुमात्राला पोचलीस बघ!"

आबू तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिने काटकीसारख्या बारीक हाताने माझं मनगट धरलं, घड्याळ उलटसुलट करून पाहिलं.

"पापुद्रे मोजतं?"

"मोजतं. पण वल्ही समजून मोजतं."

"मला कधी आणणार?"

"बरी हो आधी," मी म्हटलं.

ती बरी झाली नाही. बाराव्या महिन्यात गेली.

चेंग बेंगला सगळं गाव थडगी साफ करायला जातं आणि आम्ही होक्कियन चिनी लोक त्या दिवशी पोपिया खातो. म्हणजे त्याआधीचे तीन आठवडे वर्षाची कमाई. पण नव्या थडग्याला सगळ्यांच्या आधी जायचं असतं, त्यामुळे आम्ही मार्चच्या सुरुवातीलाच गेलो. मेलेल्याला पोचाव्यात म्हणून जाळायच्या कागदी वस्तूंची वाटणी ग्योक हुआने केली होती. कपडे, सपाता, पंखा तिच्याकडे. घड्याळ माझ्याकडे. "आबूला फार हौस होती गं," असं म्हणाली.

मी कागदाच्या दुकानात गेले. पुठ्ठ्याचा तुकडा, वर चमकी, खाली दोन तारेच्या पिना. किंमत अठरा रिंगिट. मी दुकानदाराकडे पाहिलं, त्याने छताकडे पाहिलं. घरी माझ्या घड्याळाचं खोकं तसंच पडलं होतं. जाड, पांढरं, गुळगुळीत, वर घड्याळाचं हुबेहूब चित्र आणि मागे त्याचा नंबर. मला वाटलं, पोचत असेलच तर हे त्या पुठ्ठ्यापेक्षा नीट पोचेल आणि पोचत नसेल तर अठरा रिंगिट वाचले. मी ते पिशवीत टाकलं आणि कागदी कपड्यांच्या खाली सारलं.

"घड्याळ आणलंस ना, आसो?" ग्योक हुआ मला आसो म्हणते, वहिनी म्हणून.

"आणलं की."

खोकं जळायला वेळ लागला. त्याच्या गुळगुळीत कागदाची ज्योत हिरवट दिसत होती. मग ग्योक हुआने दोन नाणी उडवून विचारलं, आबू, सगळं मिळालं का? एक छापा, एक काटा. म्हणजे हो. पहिल्याच फेकीला. आबूने आयुष्यात कशालाच पहिल्या झटक्यात हो म्हटलं नव्हतं. मला तेव्हाच जरा खटकलं होतं.

चौथ्या दिवशी मनगट दुखायला लागलं.

सुरुवातीला वाटलं, पट्टा घट्ट झालाय. सहाव्या भोकावरून तो सातव्यावर नेला. माझं मनगट जाड आहे, त्यापुढे आता एकच भोक उरलं होतं. तरी संध्याकाळी काढलं की कातडीवर खोल वळ दिसायचा आणि तो वळ घड्याळाच्या जागी नसायचा, त्याच्या बोटभर वर असायचा. मग अंगठ्याला मुंग्या आल्या. मग कोपरापर्यंत एक तार ताणल्यासारखं झालं. कपाचा कान धरताना हात लटपटायचा. पीठ हातात असताना मात्र हात चालायचा, किंबहुना नेहमीपेक्षा बरा चालायचा. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काय होतं त्यात?

डॉक्टर सेल्वनाथन यांनी बोटं दाबून पाहिली, मनगट वाकवून पाहिलं.

"शीर दाबली जातेय, आँटी. पट्ट्याने दाबतेय, कामाने सुजतेय. घड्याळ काही दिवस काढा. आणि दोन आठवडे हाताला विश्रांती."

"चेंग बेंगच्या आधी? डॉक्टर, तुम्ही दीपावलीत मिठाईवाल्याला सांगता का दुकान बंद ठेव म्हणून?"

ते हसले आणि त्यांनी मलम लिहून दिलं. घड्याळ मी काढलं नाही. काढलं की शिन रूचा पाच मिनिटांत फोन येतो.

याच दिवसांत ओंग मास्तर आले. निवृत्त शिक्षक, चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी एक पापुद्रा उचलून उजेडात धरला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"पोह इम, हे तू केलेस?"

"मग कोणी केले असणार?"

"नाही, म्हातारीसारखे झालेत. कडा बघ कशा आहेत." त्यांनी पापुद्रा तसाच कोरडा तोंडात टाकला. "मीठसुद्धा तसंच."

मीठ मी रोज तेवढंच घालते. मास्तर गेल्यावर मी एक पापुद्रा वर्तमानपत्रावर पसरला. सोन्याच्या भावापासून मृत्यूच्या जाहिरातीपर्यंत सगळं वाचता येत होतं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला नाही. सत्तावीस वर्षं धडपडून जे जमलं नाही, ते दुखऱ्या हाताला कसं जमतंय, हे मला कळेना आणि जे कळत नाही ते मला आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ घालताना पट्ट्यावर काहीतरी खरखरीत लागलं. वाळलेलं पीठ. मी रोज रात्री पट्टा धुऊन ठेवते. सातव्या भोकाभोवती स्वच्छ होतं. पीठ तिसऱ्या भोकात भरलं होतं आणि तिथेच रबर वाकून त्यावर पांढरट रेघ पडली होती, रोजच्या वापराने पडते तशी. तिसऱ्या भोकात बक्कल अडकवायचं तर मनगट किती बारीक पाहिजे! मी नखाने ते पीठ खरवडलं आणि जिभेवर ठेवलं. खारट. माझ्या पिठाहून एक चिमूट जास्त.

ती जास्तीची चिमूट फक्त दोघी घालायच्या. एक आबू आणि आईचं बघून ग्योक हुआ.

झालं. मला एकदम सगळं स्पष्ट दिसायला लागलं. आबूच्या आजारपणापासून आमच्या घराची एक किल्ली ग्योक हुआकडे होती. संध्याकाळी मी घड्याळ चार्जिंगला लावून अंघोळीला जाते, हे तिला माहीत होतं. कुणास ठाऊक, त्या नव्या सुनेच्या मनगटावर घालून ती तिच्याकडून सराव करून घेत असेल. पट्ट्याला काही चोळत असेल. माझा हात गेला तर तवा कोणाकडे जाणार होता? मी त्याच दिवशी कुलूपवाल्याला बोलावलं आणि दाराचं कुलूप बदलून घेतलं. ग्योक हुआ दुकानात पापुद्रे बांधायला मदतीला यायची. तिच्या हातांकडे मी दिवसभर चोरून बघत होते. तिने विचारलं, "काय गं आसो?" मी म्हटलं, काही नाही.

सोमवारी आमची सुट्टी. नवं कुलूप आतून लावून मी संगमरवरी टेबलापाशी वर्तमानपत्र घेऊन बसले. सकाळचे दहा वाजले होते, रस्त्यावरून टोफूवाला ओरडत चालला होता. घड्याळ मनगटावर, सातव्या भोकावर. दहा वाजून काही मिनिटांनी कोपरापासून कळ उठली आणि हळूहळू लयीत आली. कळ यायची, सुटायची, पुन्हा यायची.

फोन वाजला.

"मा, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?" शिन रूचा आवाज चढलेला होता.

"विश्रांती. घेतेय की. पेपर वाचतेय."

"खोटं बोलू नकोस. साडेआठशे वल्ही दिसताहेत मला."

"मी खुर्चीत बसलेय गं."

"मग घड्याळ कोणाला दिलंयस?"

मी मनगटाकडे पाहिलं. उजवा हात पेपरवर पालथा पडला होता, अगदी स्वस्थ. एक बोटही हलत नव्हतं. त्याच्यावर घड्याळाच्या काचेत आकडा वाढत होता. आठशे बासष्ट. आठशे त्रेसष्ट.

"मा? ऐकतेयस ना?"

"बिघडलंय ते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

यंत्रं बिघडतात. बिघडलेलं यंत्र कसंही मोजतं, कधी उड्या मारतं, कधी अडकून बसतं. हे तसं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याशी मी ते ताडून पाहिलं. एकसारखा वेग होता, कुठे घाई नाही की खंड नाही. मी दर दहा पापुद्र्यांनंतर दम घेते, हात झटकते. इथे दम घेणं नव्हतंच.

मी घड्याळ काढलं. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकलं, झाकण दाबून बसवलं, डबा टेबलावर माझ्यासमोर ठेवला आणि त्याच्यावरून नजर न हलवता बसून राहिले.

कळ थांबली नाही. घड्याळ डब्यात होतं, हात माझ्या मांडीवर होता आणि दुखणं कोणाच्या तरी कामाबरोबर चाललं होतं. बरोबर बाराला ते थांबलं. आबू बाराला तवा उतरवायची. हातपाय धुऊन काळी कॉफी प्यायची. मग जग इकडचं तिकडे झालं तरी ती हलत नसे.

मी झाकण उघडलं.

पट्टा लावलेला होता. मी तो मोकळा टाकला होता, पण आता बक्कल अडकवून त्याचा गोल झाला होता. तिसऱ्या भोकावर. आतल्या बाजूला ओलं पीठ होतं, अजून कोमट.

दार मी तपासलं. कुलूप आतून बंद होतं. तरीही मला ग्योक हुआचाच राग येत होता. कोणाचा तरी राग यायलाच हवा होता.

मंगळवारी दुकानात गर्दी होती. चेंग बेंग चार दिवसांवर आलं होतं. पावणेअकराच्या सुमारास माझ्या हातातून पीठ सुटलं. आख्खा गोळा तव्यावर पडला, चरचरला, करपला. सत्तावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

ग्योक हुआने तवा खरवडला आणि हळूच म्हणाली, "आसो, ऊठ. मी बसते जरा वेळ."

"वाटच बघत होतीस ना?"

"काय?"

"सुनेलाही बोलाव की! ती तर माझं घड्याळ घालून तयारच झाली असेल."

रांगेतल्या बायका कान टवकारून ऐकत होत्या. ग्योक हुआने मला दंडाला धरून मागच्या मोरीपाशी नेलं. तिथे मी सगळं बाहेर काढलं. किल्ली, पीठ, मीठ, तिसरं भोक. मी थांबले तेव्हा तिने माझ्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं आणि आपल्या हाताभोवती लावून पाहिलं. सहाव्याहून घट्ट भोकात बक्कल जाईना.

"माझी सून माझ्याहून जाड आहे," ती म्हणाली. "लग्नात बघितलंयस तिला."

बघितलं होतं. मला शरम वाटली आणि त्या शरमेबरोबर भीतीही वाटली, कारण आता माझ्याकडे राग धरायलाही कोणी उरलं नव्हतं.

ग्योक हुआने घड्याळ उलटं केलं. मागच्या नंबरावरून बोट फिरवलं.

"आसो, आबूसाठी जाळलंस ते घड्याळ कुठून घेतलं होतंस?"

मी नळाखाली हात धुवायला लागले.

"कुठून?"

"घेतलं नाही. याचं खोकं होतं घरी. चांगलं होतं, चित्र होतं त्याच्यावर."

"खोकं?" तिचा आवाज खाली गेला. "याचं खोकं? नंबरासकट?"

"त्या पुठ्ठ्याला अठरा रिंगिट मागत होता तो..."

"अठरा रिंगिट जड झाले तुला! माझ्याकडे मागायचे होतेस!" मग ती थांबली. मोरीच्या कडेवर बसली. "म्हणजे खोकं तिला पोचलं. आणि घड्याळ इथे तुझ्या हातात."

मला हसू आलं. मोठ्याने हसले मी. "अगं, जळका पुठ्ठा तो! तू शिकलेली आहेस ना?"

ती हसली नाही. तिने एप्रन काढून खुंटीला लावला आणि कागदाच्या दुकानाकडे गेली.

बुधवारी सकाळी आम्ही दोघीच टेकडीवर आबूच्या थडग्याशी गेलो. मी गेले ती वाद नको म्हणून. घड्याळ घरी कपाटात ठेवलं होतं, शिन रूला सांगितलं होतं की दुरुस्तीला टाकलंय. ऊन चांगलंच चढलं होतं. खाली गवत कापायच्या यंत्राचा आवाज येत होता. ग्योक हुआने आणलेलं घड्याळ तसलंच होतं, पुठ्ठ्याचं, लाल तबकडीचं, पट्ट्याची टोकं दोन तारेच्या पिनांनी जोडलेली. तिने आतल्या बाजूला आईचं नाव लिहिलं.

"आबू," ती म्हणाली, "हे तुझं स्वतःचं. आसोचं तिला राहू दे."

क्षणात जळालं ते. पिना राखेत लाल होऊन पडल्या. नाणी उडवली. एक छापा, एक काटा.

उतरताना माझ्या लक्षात आलं, की मी पाण्याची बाटली उजव्या हातात धरली आहे आणि हात दुखत नाहीये.

विचारू नका! गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी यंत्रासारखं काम केलं. अंगठ्याच्या मुंग्या गेल्या, कोपराची तार गेली, वळ फिका पडला. रांग जायफळवाल्याच्या दारापर्यंत जात होती आणि फडक्याखालच्या चळती उतरायच्या आत नव्या चढत होत्या. शनिवारी ओंग मास्तर आले. पापुद्रा उजेडात धरला, मान हलवली.

"आज तुझे आहेत," ते म्हणाले. "वाईट नाहीत."

मला इतका आनंद झाला, की मी त्यांना दहा पापुद्रे फुकट दिले. वर्तमानपत्रावर पसरून पाहिलं तर मथळे वाचता येत होते, बारीक अक्षरं नाही. ते माझेच होते. तवा माझा राहिला होता.

दुपारी तीनला सगळं संपलं. ग्योक हुआने पडवीत दोन स्टुलं ओढली आणि चहा ओतला. मी तिची माफी मागितली. सरळ मागितली, आडवळणाने नाही. तिने हात झटकला. "संशयीच आहेस तू पहिल्यापासून. आबू म्हणायची, पोह इम मिठाचीसुद्धा चव दोनदा बघते." आम्ही दोघी हसलो. समोर फुलवाली उरलेल्या झेंडूवर पाणी शिंपडत होती.

डाव्या मनगटाला खाज सुटली.

मी पाहिलं. आतल्या बाजूला, शिरेच्या वर, दोन लाल ठिपके होते. शेजारी शेजारी, दाण्याएवढे, दोन पिना टोचल्यासारखे. तव्याचा चटका बसला असेल, असं मला वाटलं. डावा हात तव्याजवळच असतो.

मग तो हात मांडीवरून उचलला गेला.

मी उचलला नाही. तो वर आला, तळवा उघडला, बोटं किंचित वाकली आणि मनगट हलायला लागलं. वरखाली, वरखाली. सैल, अजिबात न थकणारं. माझ्या डाव्या हाताने जन्मात पीठ धरलेलं नाही. तो फक्त सोलतो. पण ही चाल मी इतक्या वर्षांत कुठे पाहिली नव्हती, माझ्या उजव्या हातातही नाही, आबूच्या उजव्या हातातही नाही. इतकी सुंदर होती ती.

"ग्योक हुआ," मी म्हटलं.

ती बघतच होती. कप तिच्या ओठांपाशी थांबला होता.

"आबू डावखुरी होती," ती म्हणाली. "लग्न होऊन आली तेव्हा. तिच्या सासूने हातावर वेताने मारून मारून तिचा उजवा करून घेतला. तुला कधी बोलली नाही?"

कधीच बोलली नव्हती. सत्तावीस वर्षं मी तिच्या उजव्या हाताशी बरोबरी करत होते.

मी उजव्या हाताने डावा धरून खाली दाबला. तो दाबला गेला नाही. उजवा माझा होता, त्यात माझीच ताकद होती आणि ती पुरली नाही.

ग्योक हुआने कप खाली ठेवला. ती उठली, फळीवरून एक रिकामी थाळी काढली आणि माझ्या डाव्या हाताखाली, मांडीवर, नीट मधोमध सरकवली. नव्याने शिकणाऱ्या मुलीच्या हाताखाली ठेवतात तशी, पीठ सांडू नये म्हणून.

"हळू, आबू," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.